एक सेमिस्टर माल्टात

नीना आमच्या ओट्याला टेकून इलाला पटवत होती. "यार, माल्टा! जानेवारीत ऊन, चालत जाता येईल इतका जवळ समुद्र, आणि सगळ्यांना इंग्लिश येतं. नाहीतर इथे आपण गाडीवरचा बर्फ खरवडत बसणार."

माझी इला मान खाली घालून पोहे चिवडत राहिली.

दोघी इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्येच वाढल्या, एकाच शाळेत, आता एकाच कॉलेजात. फरक एवढाच, की नीना इथे जन्मली आणि इला दोन वर्षांची असताना माझ्या कडेवर बसून नागपूरहून आली. ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही तेव्हापासून उभे आहोत, अजून नंबर लागलेला नाही. मुलं एकवीस वर्षांची झाली की आईबापांच्या अर्जातून त्यांचं नाव निघतं. इलाचंही गेल्या महिन्यात निघालं. आता देशाबाहेर गेली तर परत येऊ देतीलच, याची खात्री वकीलही देत नाही. हे आम्ही कोणाला सांगत फिरलो नाही. सांगून काय होणार होतं?

"शैलजा मावशी, तुम्ही तरी हिला समजवा ना," नीना म्हणाली. "लाइफमध्ये एकदा तरी परक्या देशात स्टुडंट म्हणून राहून बघायला पाहिजे!"

इलाने उठून प्लेट सिंकमध्ये ठेवली.



"राहतेय ना. बर्थडेपासून मी इथे स्टुडंट व्हिसावरच आहे."