पाऊण तास

पहिलं गीत संपलं, पाळकांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले आणि तेवढ्यात दारात क्रेनवाला येऊन उभा राहिला.

थोरलीने डोळे मिटले नव्हते, म्हणून तो आधी तिलाच दिसला. धुतलेला शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, हातात चुरगळलेली टोपी.

बाबांना जाऊन आज वर्ष झालं होतं. जहाज दुरुस्तीच्या गोदीत ते मिस्त्री होते. हातोड्यांच्या दणदणाटातही त्यांची गीतं पार फाटकापर्यंत ऐकू जात, म्हणून अख्खी गोदी त्यांना 'भोंगा' म्हणायची. ते ज्या लोखंडी प्लेटेखाली सापडले, ती याच माणसाच्या क्रेनवरून सुटली होती. चौकशीत दोष झिजलेल्या तारेचा निघाला. धाकट्याने मात्र आपला निकाल कधीच देऊन टाकला होता.

आमेनची वाट न बघता तो उठला.

"कुठल्या तोंडाने आलात?"

"वहिनींशी दोन शब्द बोलायचेत. मग जातो."

"मागेही सांगितलं होतं, तुमचं इथे काही काम नाही."

आईने मान वर केली. "मागेही म्हणजे? हे आधी आले होते?"

खोलीत दहा-बारा माणसं होती, सगळी आपापल्या गीतपुस्तकात बघू लागली.

"तीन वेळा," क्रेनवालाच म्हणाला.

तिसऱ्या वेळी थोरली पडद्याआड उभी होती. तो काय सांगायला आलाय याचा तिला अंदाज होता. म्हणूनच तिने त्याला परत जाऊ दिलं होतं.

"बोला," आई म्हणाली.

"आई, नको," थोरलीच्या तोंडून निघून गेलं. आईने तिच्याकडे असं पाहिलं की ती खुर्चीत मागे सरली.

क्रेनवाल्याने एक पाऊल आत टाकलं. "वहिनी, मिस्त्री लगेच गेले नाहीत. क्रेनची तार तुटलेली. प्लेट उचलायला गोदीच्या दुसऱ्या टोकाहून जॅक आणावा लागला. पाऊण तास गेला त्यात. मी खाली उतरलो, त्यांच्या डोक्याशी बसलो. ते गात होते."

धाकट्याने त्याची कॉलर धरली. "खोटं बोलतोय हा! साहेबांनी घरी येऊन सांगितलं, जागच्या जागी गेले म्हणून!"

"साहेब तिथे नव्हते. मी होतो."

साहेबांच्या त्या एका वाक्यावर आईने वर्ष काढलं होतं. भेटायला येईल त्याला ती तेच सांगायची, त्यांना काही कळलंसुद्धा नाही हो. रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःलाही तेच सांगायची. भिंतीपलीकडून थोरलीला ऐकू यायचं.

पाळक समजुतीचं काहीतरी बोलू लागले. आईने हात वर करून त्यांना थांबवलं आणि ती लेकीकडे वळली.

"हॉस्पिटलात तू आत गेली होतीस. मला बाहेर बाकड्यावर बसवलंस. आता खरं काय ते सांग."

थोरलीने धाकट्याकडे पाहिलं. नाही म्हटलं की झालं. धाकटा त्याला बाहेर काढेल, प्रार्थना पुढे चालू होईल, आईला झोप लागेल.

"बाबांच्या मनगटावर चिकटपट्टी होती," ती म्हणाली. "सलाइनची."

मेलेल्या माणसाला कुणी सलाइन लावत नाही, हे आईला समजावून सांगायची गरज नव्हती. धाकट्याच्या हातून कॉलर सुटली.

आई आता कोसळणार, या धास्तीने थोरली अर्धवट उठली. आईने मांडीवरचं पुस्तक बाजूला ठेवलं.

"कुठलं गीत?"

"नाव नाही ठाऊक, वहिनी. मी तुमच्या मंडळीतला नाही. मी लटलट कापत होतो, ते बघून मला म्हणाले, तू पण म्हण माझ्यामागून, जिवाला बरं वाटेल तुझ्या. एकेक ओळ सांगत गेले. तेवढं पाठ झालंय. विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही."

"म्हणून दाखवा."

"मला सूर नाही हो."

"त्यांना तरी कुठे होता?"

मागून कुणाचं तरी हसू फुटलं आणि तिथंच हुंदक्यात बुडालं.

तो गाऊ लागला. घोगरा, दबका आवाज. शब्दही कुठे कुठे चुकलेले. दुसऱ्याच ओळीला आईने पदर ओठांवर धरला. अंत्यविधीला म्हणतात त्यातलं ते गीत नव्हतं. रोज सकाळी दाढी करताना, तोंडाला फेस लागलेला असताना बाबा म्हणायचे, ते होतं. उजाडल्याचं. बाबा गेले होते भरदुपारी.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर क्रेनवाला थांबला.

"इथपर्यंतच," तो म्हणाला.

पुढची ओळ खोलीतल्या प्रत्येकाला येत होती. पाळकांनी तर ती म्हणायला श्वासही घेतला. पण कुणी ती म्हटली नाही.

बाहेरून एक ट्रक खडखडत गेला. तो आवाज विरेपर्यंत आई कान देऊन बसली होती. मग तिने शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"पुन्हा म्हणा, भाऊ. पहिल्यापासून."

धाकटा ताडकन दाराकडे गेला. हा आता निघून जाणार, असं थोरलीला वाटलं. त्याने दार लोटलं, आतून कडी घातली आणि रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून फटीला पाठ लावून उभा राहिला.