शंभरात किती

१९७१ साली माझा जुना विद्यार्थी धोंडीराम याचं माढ्याहून पत्र आलं होतं. "गुर्जी, तुमी विंग्रजी बुकं वाचता. आमच्या पोरीला, मुक्तीला, रगताचा कॅन्सर हाय म्हंत्यात. शंभरात किती पोरं जगत्यात तेवढं कळवा, मग म्हमईला न्यायचं का ते बगतो."

पुस्तकात पाहिलं. शंभरात एकही नाही. ते लिहवेना, खोटंही लिहवेना. आठ वर्षं पत्र खणात राहिलं. माढ्याचं कुणी दिसलं की मी रस्ता बदलायचो.

काल मुक्तीचंच कार्ड आलं. "तुमचं उत्तर येईना, म्हणून बापूंनी आणखी वाट न बघता मला मुंबईला नेलं. आता मी सातवीत आहे. गुरुजी, पुस्तकात काय होतं?"

पुन्हा तोच प्रश्न. आज सात रस्ता चौकातल्या टपालपेटीत उत्तर टाकलं.

"पोरी, ते पुस्तक तुझ्या आधीचं होतं."