वाढीव माप

सुटे भाग आणून, दोन वर्षं खपून बापलेकीनं घरामागच्या शेडमध्ये गाडी उभी केली. पहिली फेरी लेकच मारणार, हे ठरलेलं होतं. पण सहाव्या महिन्यात ती सीटवर बसली, तर स्टीअरिंग पोटाला टेकलं.

"राहू द्या बाबा, बाळंत झाल्यावर चालवीन."

"म्हणजे तोवर गाडी धूळ खात बसणार? त्यापेक्षा स्टीअरिंगचा दांडाच आखूड करतो," फिटर असलेला म्हातारा बाप म्हणाला आणि पट्टी घेऊन तिच्या पोटाचं माप घ्यायला लागला.

"अहो, लेक आहे ती, लोखंडाचा तुकडा नाही!" बायको दारातून ओरडली.

"म्हणून तर दोनदा मोजतोय. तू सांग, अजून किती वाढेल?"

बायकोनं हसत चार बोटं दाखवली. जन्मभर कामात सुताचीही फट न सोडलेल्या माणसानं नातवंडासाठी पाच बोटं जागा सोडली. दांडा कापला, जोडावर जाड नळी चढवली, बोल्ट आवळले.

"बस आता. जुळं असलं तरी मावेल!"

पंधरा दिवसांनी जावयानं तिला दवाखान्यातून थेट माहेरी आणलं. घरात न जाता ती शेडमध्ये शिरली, गाडीत बसली आणि तिनं स्टीअरिंगकडे हात लांबवले.  



"बाबा, दांडा होता तेवढा करा. आता मध्ये कुणी नाही."