बैठकीतली सायकल

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडमधल्या हार्लेम शहरात ना वीज उरली होती, ना मेणबत्त्या, ना पोटभर अन्न. म्हाताऱ्या हार्मननं आपली सायकल बैठकीत स्टँडवर चढवली, मागच्या चाकाला डायनमो टेकवला आणि पुढचा दिवा वायर जोडून टेबलावर आणला. रोज संध्याकाळी तो पायडल मारायचा आणि त्या उजेडात सून ग्रीट लोकांचे जुने कोट उसवून, उलटे करून पुन्हा शिवायची.

आधी दिवा लख्ख असायचा. जानेवारीत तो मिणमिणू लागला.

"बाबा, पाय चालवा की जरा! मघाशी ट्यूलिपच्या कंदांचं सूप वाडगाभर प्यायलात ना?"

"चालवतोय गं पोरी," म्हातारा धापा टाकत म्हणायचा.

गुरुवारी दिवा विझला. मुलगा वेसेल चाचपडत सायकलपाशी गेला, तर बाप हँडलवर पालथा पडलेला. अंग हलवलं, छातीला कान लावला. काहीच नाही. वेसेलला हुंदका फुटला.

ग्रीटनं अंधारात त्याचं तोंड दाबलं. "गप्प! शनिवारी बाबांच्या रेशनकार्डावर पाव मिळायचाय. तोवर बाबा जिवंत आहेत."

मग तिनं सासऱ्याला खाली ओढलं. "चढ तू. डायनमोची घरघर थांबली, तर शेजारीण विचारायला येईल."