महानायकाचा चेहरा

आमच्या कॉमिक्समधल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ महानायकाला वीस वर्षं मीच रंगवत आलो. पन्नासाव्या अंकाचं मुखपृष्ठ संपादकांनी नव्या मुलीलाही दिलं. दोघांतलं सरस ते छापणार. माझा जळफळाट झाला. तिनं भाबडेपणानं विचारलं, “काका, चेहऱ्यात काळा किती घालू?” काळ्यानं त्वचेचा रंग मरतो, सावल्यांना जांभळा लागतो, हे मला ठाऊक होतं. “सढळ हातानं घाल,” मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी दोन्ही चित्रं टेबलावर आली. तिच्या शास्त्रज्ञाच्या गालावर प्रयोगशाळेतल्या बर्नरचा उजेड खेळत होता. माझा मातीचा वाटला. “काळा घातलाच नाहीस?” मी विचारलं. “तुम्ही म्हणालात तसा घातला, पार कोळसा झाला. मग माझ्या काळ्यासावळ्या बाबांना दिव्यापाशी बसवलं, त्यांच्याकडे बघून रंगवलं.” संपादकांनी तिचंच उचललं आणि तिला म्हणाले, “अगं, यांनी मुद्दाम चकवलं, स्वतः शोधावंस म्हणून! गुरू असावा तर असा.” मी लाजून मान खाली घातली.