गजाचे केस

बैलगाड्या घडवणाऱ्या मुंजाजी सुतारानं चार महिने शिवणीचं लाकूड तासून एक फिडल केलं होतं. "गाडीच्या सुताराला हे जमायचं नाही," असं फिडल वाजवणारे विष्णुपंत मास्तर वालूर गावभर सांगत फिरले होते, आणि आज तेच वाजवून बघायला आले होते.

मास्तरांनी तारा जुळवल्या, फिडल हनुवटीखाली धरलं आणि गज ओढला. आवाज नाही. पुन्हा ओढला. गज तारांवरून नुसता घसरला.

"सांगितलं होतं मी," मास्तर म्हणाले. मग त्यांनी सहज बोटानं तार छेडली, तर फिडल घुमलं. त्यांनी गज नाकाशी नेला. "अरे, ह्या केसांना तेल कुणी लावलं? ह्यांना राळ लावतात. तेल लागलं की गज मुका होतो."

जमादाराच्या घोड्याच्या शेपटीचे ते केस मुंजाजीनं हुंगले. मेथ्या घातलेलं खोबरेल. दारात त्याची बायको, धुरपताबाई, तोंड पाडून उभी होती.

"म्याच लावलं, मास्तर," तो म्हणाला. "लय राठ दिसायले व्हते."

मास्तरांनी मुंजाजीच्या तुळतुळीत टकलाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

"रिठ्यानं धुऊन घे," ते म्हणाले. "माझ्या पहिल्या गजाला मीसुद्धा तेलच लावलं होतं."