बसवलेला माणूस

"पुढं हो की," म्हणत शिवकुमारनं विद्याश्रीला पाठीत हात लावून भुताच्या कोठीतल्या अंधारात ढकललं आणि स्वतः तिच्या मागं झाला. सकाळी बघायला आला तेव्हा पोह्यांची बशी मांडीवर धरून हाच पोरगा तिला "तुम्ही, तुम्ही" करत होता. आत शिरल्यावर पहिल्याच वळणावर दोरीला बांधलेले खोटे केस तोंडावरून फिरले आणि तो "ए, सर की"वर आला.

अक्काताई दोघांच्या मागून चालली होती. ती विद्याश्रीची आत्या. ठरायच्या आधी पोरगीला एकटी कशी सोडायची, म्हणून भावानं तिला बरोबर धाडली होती. स्थळही तिनंच आणलं होतं. इचलकरंजीत कापडाचं दुकान, वर स्वतःचं घर, बाप वारलेला, आई आणि हा एकटा. दिवेलागणीला भावाच्या मंगळवार पेठेतल्या घरी तिच्या शब्दावर सुपारी फुटायची होती.

कोल्हापूरच्या प्रदर्शनात भुताची कोठी त्या साली नवीनच आली होती. अख्खं गाव रांगेत उभं. तिकीट काढून भ्यायचं, हे काही अक्काताईच्या डोक्यात शिरत नव्हतं. आत जाताना शिट्या मारणारी कॉलेजची पोरं आता भिंतीपलीकडं आईच्या नावानं ओरडत होती. एक मिशीवाला तर बायकोचा पदर मुठीत धरून पुढं गेला होता. ह्यांच्या घरची वीज कधी जात नसेल काय, असं तिला वाटलं.

शेवटच्या खोलीत बाहेर जायचं दार होतं, पण त्याला कुलूप. किल्ली मढ्याच्या मांडीवर. ती उचलेल तो सुटला, असा खेळ. मढं खुर्चीत बसवलेलं. तोंडाला पांढरी पावडर, गळ्यात झेंडूचा हार, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेलं फडकं. खाट टाकायला जागा नसेल म्हणून कोठीवाल्यानं बसवलं असेल, पण लोकांना त्याचीच जास्त भीती. मेलेलं माणूस आडवं असतं, हे बसलंय कसं?

अक्काताईच्या लोकांत गेलेल्या माणसाला बसवूनच पुरतात. नवरा गेला तेव्हा त्याला भिंतीला टेकून बसवला होता आणि तिनं रात्रभर त्याची मान खांद्यावर सावरून धरली होती. त्या खुर्चीकडं बघून तिला एवढंच वाटलं, की फडकं सैल बांधलंय.

शिवकुमारनं खिशातला नवा मोबाईल काढला. त्याच्या हिरव्या उजेडात त्याचं स्वतःचंच तोंड तेवढं दिसलं.

"ह्यात भ्यायचं काय?" विद्याश्री म्हणाली. "आपल्यात बसवत्यातच की. तुमच्या आप्पांना बसवलं असंल न्हवं?"

"मी न्हवतो तिथं. खाली दुकानात बसलोतो."

"मग धरलं कुणी?"

"हुता कोण तरी शेजारचा. तू किल्ली काढ की आधी!"

विद्याश्रीनं हात पुढं केला. मढ्यानं तिचं मनगट धरलं. ती दचकली, पण जागची हलली नाही. शिवकुमारनं मात्र "आव्वा" म्हणून आईच्या नावानं बोंब ठोकली, अक्काताईला भिंतीवर आपटलं आणि मागून येणाऱ्या बायकापोरांना तुडवत आल्या वाटेनं पळाला.

मढं मनगट सोडून हसायला लागलं. विद्याश्री हसली नाही. तिनं किल्ली उचलली, आत्तीला सावरलं आणि कुलूप काढलं.

बाहेर दारासमोरच चहाच्या गाड्याजवळ तिचा बाप चनबसाप्पा आणि शिवकुमारची आई खुर्च्या टाकून बसली होती. कोठीला वळसा घालून शिवकुमार त्यांच्यापाशी पोचलाही होता. केसांतून कंगवा फिरवत होता.

"म्हटलं, बायका हायत, सावकाश येतील," तो सांगत होता. "किल्ली काढून दिली आन् आलो."

"ल्हानपणापास्नं धीट हाय," आई म्हणाली. "ह्याच्या आप्पांच्या वेळीबी रातभर ह्यानंच धरलं. डोळ्याला डोळा लागू दिला न्हाय."

विद्याश्रीनं आत्तीकडं बघितलं. आत्ती कोपर चोळत होती.

चनबसाप्पा खुशीत उठला. डोक्यावरची टोपी त्यानं नीट केली. "मग काय आक्का? घरात माणसं थांबल्यात. फोडायची न्हवं सुपारी?"

अक्काताई तोंड उघडणार, एवढ्यात मागचं दार ढकलून मढं बाहेर आलं. हार तसाच, तोंड पांढरंफटक.

"ओ ताई, किल्ली तुमच्याच हातात ऱ्हायली की! आत पुढची माणसं आल्यात."

शिवकुमार आईच्या खुर्चीमागं गेला. भर उन्हात. तिचा पदर त्याच्या मुठीत होता.

विद्याश्रीनं किल्ली दिली. मढं वळलं. त्याचं फडकं सुटून खांद्यावर लोंबत होतं.

"थांब रे. वाक जरा," अक्काताई म्हणाली. तिनं फडकं हनुवटीखालून घेतलं, डोक्यावर ओढून गाठ मारली आणि त्याची मान एकदा हातानं चाचपून बघितली. "हां. आता पडायची न्हाय."

शिवकुमारची आई त्या हातांकडं बघत होती. मग तिनं मान खाली घातली.

चनबसाप्पानं खुर्ची जवळ ओढली आणि पुन्हा बसला.

अक्काताईनं हात पदराला पुसले. "सुपारी ऱ्हाऊ दे. चला पावणं, भडंग खाऊ," ती खुर्चीमागं बघून म्हणाली. "ते उजेडात विकत्यात."